नव्या मशीनवर जुनं विंडोज: नेमकं कुठे अडतं आणि वाट कशी काढायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका मोजमाप यंत्राचं सॉफ्टवेअर ३२ बिटच्या विंडोज ७ वर चालत होतं. यंत्र सिरीयल पोर्टवरून, म्हणजे नऊ पिनांच्या जुन्या जोडणीवरून, कॉम्प्युटरशी बोलतं. त्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड गेला, हार्ड डिस्क मात्र शाबूत आहे. सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी बंद झाली, त्यामुळे नवी आवृत्ती मिळण्याची आशा नाही. तुम्ही अलीकडच्या पिढीचा कॉम्प्युटर घेतलात, त्यात फक्त एनव्हीएमई एसएसडी (नव्या पद्धतीची वेगवान डिस्क) आहे. विंडोज ७ चा पेनड्राइव्ह लावल्यावर सेटअप सुरू होतो, पण भाषा निवडायच्या पडद्यावर कीबोर्ड आणि माऊस दोन्ही ठप्प होतात. तर विंडोज ७ टाकायचं कसं, आणि टाकल्यावर ते मशीन इंटरनेटला जोडलं तर चालेल का?

आधी उत्तर सांगतो. या नव्या मशीनवर विंडोज ७ थेट टाकण्याच्या मागे लागू नका. नव्या मशीनवर विंडोज ११ किंवा लिनक्स राहू द्या, त्याच्या आत व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी कॉम्प्युटरमध्ये, तुमची जुनी डिस्क जशीच्या तशी उभी करा आणि सिरीयल पोर्ट आत जोडून द्या. मोजमाप यंत्राला कॉम्प्युटरच्या आत बसणारं खास कार्ड लागत असतं, तर मी वेगळं सांगितलं असतं. त्याबद्दल पुढे लिहितो. विंडोज ७ ला मात्र कुठल्याही परिस्थितीत इंटरनेटशी जोडू नका.

आता कारणं, कारण ती कळली तर पुढच्या वेळी तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही.

जुनी ऑपरेटिंग सिस्टीम नव्या मशीनवर चालत नाही म्हटलं की बहुतेकांना वाटतं, नव्या प्रोसेसरला जुना प्रोग्राम कळत नाही. हे खरं नाही. इंटेल आणि एएमडीचे आजचे प्रोसेसरही चालू होताना १६ बिटच्या त्याच अवस्थेत जागे होतात, ज्या अवस्थेत १९७८ चा ८०८६ काम करायचा. जुन्या सूचना ते बिनतक्रार पाळतात. अडतं ते प्रोसेसरच्या भोवती: यूएसबी, डिस्क, डिस्प्ले, आणि मशीन चालू झाल्यावर ताबा बायोसकडून (मशीन सुरू करणाऱ्या, मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरकडून) विंडोजकडे जातो ती वेळ. ऑपरेटिंग सिस्टीम ज्या वर्षी बनली, त्या वर्षापर्यंतचीच उपकरणं तिला माहीत असतात. नंतर आलेल्या प्रत्येक गोष्टीसाठी कुणीतरी ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारा छोटा प्रोग्राम, लिहून द्यावा लागतो, आणि ती सिस्टीम म्हातारी झाली की ड्रायव्हर लिहिणारं कुणी उरत नाही.

तुमच्या कीबोर्डचंच घ्या. विंडोज ७ ऑक्टोबर २००९ मध्ये आलं. यूएसबी ३ चं मानक त्याआधी जेमतेम वर्षभर जाहीर झालं होतं, म्हणून विंडोज ७ च्या डिस्कमध्ये यूएसबी १ आणि २ च्या कंट्रोलरचे (पोर्ट सांभाळणाऱ्या चिपचे) ड्रायव्हर आहेत, यूएसबी ३ च्या एक्सएचसीआय कंट्रोलरचा नाही. बरीच वर्षं हे कुणाला जाणवलं नाही, कारण मदरबोर्डवर दोन्ही कंट्रोलर असायचे. २०१५ मध्ये सहाव्या पिढीच्या प्रोसेसरसोबत इंटेलने १०० मालिकेचे चिपसेट आणले आणि त्यातून यूएसबी २ चा जुना ईएचसीआय कंट्रोलर काढून टाकला. तेव्हापासून पोर्ट काळा असो की निळा, आतून तो एक्सएचसीआयवरच जातो.

मग बायोसमध्ये कीबोर्ड कसा चालतो? कारण तिथे कीबोर्ड बायोस स्वतः सांभाळत असतो. पेनड्राइव्हवरून सेटअपच्या पहिल्या फाइल वाचण्यापर्यंतही बायोसच मदत करतो. विंडोजचा कर्नल, म्हणजे गाभा, सुरू झाला की बायोस बाजूला होतो आणि यूएसबीची जबाबदारी विंडोजवर येते. विंडोजला तर तो कंट्रोलर ओळखताच येत नाही. म्हणून त्याच क्षणी माऊसचा दिवा विझतो. एखाद्याकडे जुना गोल पिनांचा पीएस/२ कीबोर्ड असला तर तो एक पाऊल पुढे जातो, आणि तिथे सेटअप सांगतो की सीडी-डीव्हीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर सापडत नाही. हा संदेश फार दिशाभूल करणारा आहे. लोक फाइल पुन्हा डाउनलोड करतात, डीव्हीडी पुन्हा लिहितात, पेनड्राइव्ह बदलतात. सेटअपला खरं म्हणायचं असतं ते इतकंच, की ज्या पेनड्राइव्हवरून मी सुरू झालो तोच मला आता दिसेनासा झाला आहे.

हे ओलांडलं तरी पुढे डिस्कचा प्रश्न उभा. विंडोज ७ ला केबलने जोडायची जुन्या पद्धतीची साटा डिस्क कळते, एनव्हीएमई कळत नाही. ती सोय विंडोज ८.१ पासून मुळातच आली. ७ साठी मायक्रोसॉफ्टने नंतर केबी२९९०९४१ नावाचा हॉटफिक्स (दुरुस्तीचा छोटा अपडेट) काढला, पण तो तुम्हाला सेटअपच्या आत आधीच मिसळावा लागतो. विंडोज बसल्यावर टाकून उपयोग नाही, कारण डिस्कच दिसली नाही तर बसणार कुठे?

तिसरा अडथळा मशीन सुरू होण्याच्या पद्धतीचा, आणि माझ्या मते हाच खरा निर्णायक आहे. जुने मदरबोर्ड बायोसवर सुरू व्हायचे, नवे यूईएफआयवर होतात. मधल्या काळातल्या बोर्डांमध्ये सीएसएम नावाचा पर्याय असे, जो जुन्या बायोसची नक्कल करायचा. ३२ बिटचं विंडोज ७ यूईएफआयवर सुरूच होत नाही, त्याला सीएसएम लागतोच. ६४ बिटचं सुरू होतं, पण पडद्यावर चित्र आणण्यासाठी ते बायोसच्या जुन्या व्हिडिओ सेवेला हाक मारतं. सीएसएम नसेल तर त्या हाकेला उत्तर देणारं कुणी नसतं आणि मशीन विंडोजच्या लोगोपाशी गोठून राहतं. इंटेलने २०१७ मध्येच सांगितलं होतं की २०२० पर्यंत सीएसएम काढून टाकायचा आहे. त्यामुळे नव्या बोर्डांवर हा पर्याय एकतर नसतो, किंवा असला तरी प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सबरोबर चालत नाही, वेगळं कार्ड लावावं लागतं. सिक्युअर बूट (फक्त सही केलेली सिस्टीम सुरू होऊ देणारी सोय) बंद करावं लागतं ते आणखी वेगळं.

यानंतरही निळा पडदा येऊन ए५ हा कोड दिसू शकतो. मदरबोर्ड आपली माहिती एसीपीआय नावाच्या तक्त्यांमधून ऑपरेटिंग सिस्टीमला देतो. नव्या बोर्डांच्या तक्त्यांची रचना २००९ च्या विंडोजला पचत नाही. यावर कुणीतरी बदललेली एसीपीआयची सिस्टीम फाइल टाकायची, असा उपाय बऱ्याच ठिकाणी सुचवलेला दिसतो. कामाच्या मशीनवर मी तो करत नाही. सिस्टीमच्या गाभ्यातली फाइल अनोळखी माणसाने बदललेली असेल तर त्या मशीनवर काय चाललं आहे, याची खात्री कुणालाच देता येत नाही.

ग्राफिक्सचं थोडक्यात सांगतो. इंटेलच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्ससाठी विंडोज ७ चा ड्रायव्हर सहाव्या पिढीपर्यंतच मिळतो. एनव्हिडिया आणि एएमडी दोघांनीही २०२१ मध्ये विंडोज ७ साठी नवे ड्रायव्हर देणं थांबवलं. ड्रायव्हर नसला तर विंडोज साध्या व्हीजीए पद्धतीने चालतं: पडद्याचं रिझोल्यूशन हवं ते मिळत नाही, दुसरा मॉनिटर चालत नाही, खिडकी सरकवली तरी ती तुकड्यातुकड्यांनी सरकताना दिसते. वायफायचंही तेच. इंटेलचं एएक्स२०० आणि त्यापुढची कार्डं विंडोज ७ साठी बनलेलीच नाहीत.

आणि इतकं सगळं जुळवून आणलं तरी विंडोज अपडेट स्वतः आडवं येतं. सातव्या पिढीचे इंटेल आणि पहिले रायझन आल्यावर मायक्रोसॉफ्टने ठरवलं की या प्रोसेसरवर फक्त विंडोज १० ला पाठबळ द्यायचं. २०१७ च्या एप्रिलपासून अशा मशीनवर विंडोज ७ अपडेट शोधायला गेलं की हार्डवेअर चालणार नाही असा संदेश येऊन अपडेट बंद व्हायचे. बाराव्या पिढीपासून इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरमध्ये दोन प्रकारचे कोर असतात, काही वेगवान आणि काही वीज वाचवणारे. कुठलं काम कुठल्या कोरवर द्यायचं हे विंडोज ११ ला कळतं. विंडोज ७ ला सगळे कोर सारखेच. ते चालेल, पण तुमचं मुख्य काम मंद कोरवर पडलं तर त्याला त्याचा पत्ता नसेल.

नवं हार्डवेअर फार वेगवान असणं हीसुद्धा अडचण होऊ शकते. विंडोज ९५ च्या काळात एएमडीचा के६-२ हा प्रोसेसर ३५० मेगाहर्ट्झ किंवा त्याहून जास्त वेगाचा असला की विंडोज सुरू होतानाच प्रोटेक्शन एररने कोसळायचं. डिस्कच्या ड्रायव्हरमध्ये वेळ मोजण्यासाठी एक छोटा लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड, होता. प्रोसेसर तो इतक्या झटकन संपवायचा की मोजलेला वेळ शून्य यायचा, आणि पुढे त्या शून्याने भागाकार व्हायचा. मोजमाप यंत्रांच्या, मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये असे लूप आजही सापडतात. म्हणून तुमचं सॉफ्टवेअर नव्या मशीनवर उघडलं, तरी यंत्राकडून येणारे आकडे जुन्या नोंदींशी ताडून पाहिल्याशिवाय कामाला लावू नका.

आता करायचं काय ते.

सगळ्यात आधी त्या हार्ड डिस्कला हात लावण्यापूर्वी थांबा. तुमच्याकडे आज सगळ्यात मोलाची वस्तू तीच आहे, नवा कॉम्प्युटर नव्हे. साटा-टू-यूएसबी अडॅप्टरने ती नव्या मशीनला जोडली की विंडोज विचारेल, डिस्कमध्ये दोष आहे, दुरुस्त करू का? फॉरमॅट करू का? दोन्हीला नाही म्हणा. माझी पद्धत अशी: लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करायचं, डिस्क माउंट न करता (म्हणजे तिच्यातल्या फाइल न उघडता) डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने तिची सेक्टर-न्-सेक्टर प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर घ्यायची. डीडीरेस्क्यू वाचता येणारा भाग आधी उचलतो, खराब सेक्टर मागे ठेवतो, आणि कुठे काय वाचलं याची नोंद एका मॅप फाइलमध्ये ठेवतो. मध्येच वीज गेली तरी तिथूनच पुढे चालू करता येतं. जुनी, वर्षानुवर्षं फिरलेली डिस्क पुन्हा पुन्हा वाचायला लावण्यात धोका असतो, म्हणून पहिल्याच वेळी पूर्ण प्रत घ्यायची. प्रत झाली की मूळ डिस्क काढून कपाटात ठेवा.

व्हर्च्युअलबॉक्स हा व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम. त्याच्या व्हीबॉक्समॅनेज आदेशाने ही प्रतिमा व्हीडीआय, म्हणजे व्हर्च्युअल डिस्कच्या, फाइलमध्ये बदलता येते. नवं व्हर्च्युअल मशीन बनवताना विंडोज ७, ३२ बिट असं निवडा, मेमरी २ जीबी, प्रोसेसर एक किंवा दोन. याहून जास्त देऊन फायदा होत नाही. यूईएफआयचा पर्याय बंद ठेवा. नेटवर्क कार्ड इंटेल प्रो/१००० निवडलं तर विंडोज ७ मध्ये त्याचा ड्रायव्हर मुळातच असतो. एक्सपी असतं तर पीसीनेट निवडायला सांगितलं असतं.

पहिल्यांदा सुरू करताना बहुधा निळा पडदा येईल, कोड ७बी. घाबरू नका. याचा अर्थ डिस्क सापडली पण तिचा कंट्रोलर बदलला, आणि विंडोजने नव्या कंट्रोलरचा ड्रायव्हर सुरुवातीला चढवायच्या यादीत ठेवलेला नाही. आधी व्हर्च्युअल मशीनच्या सेटिंगमध्ये डिस्क साटाऐवजी त्याहून जुन्या आयडीई कंट्रोलरला लावून पाहा. बऱ्याचदा एवढ्यानेच काम होतं. नाही झालं तर विंडोज ७ च्या इन्स्टॉलेशन फाइलवरून दुरुस्तीच्या कमांड पडद्यात जा, रजिस्ट्री एडिटर उघडा, डिस्कवरच्या विंडोजची सिस्टीम नावाची हाइव्ह (रजिस्ट्रीची फाइल) लोड करा, आणि सर्व्हिसेसच्या खाली एमएसएएचसीआय आणि पीसीआयआयडीई या दोन नोंदींमध्ये स्टार्टची किंमत ३ असेल तर ० करा. शून्य म्हणजे अगदी बूट होतानाच हा ड्रायव्हर चढवायचा. हाइव्ह अनलोड करायला विसरू नका, मग मशीन पुन्हा सुरू करा. गंमत म्हणजे हे काम प्रत्यक्ष मदरबोर्डवर आठवडे खाऊ शकतं. व्हर्च्युअल मशीनमध्ये बिघडलं तर मागच्या स्नॅपशॉटवर (आधी जतन केलेल्या स्थितीवर) परत यायचं आणि पुन्हा करायचं.

व्हर्च्युअल मशीन फार मंद चालत असेल आणि खिडकीच्या खालच्या पट्टीत कासवाचं चिन्ह दिसत असेल, तर विंडोज ११ चं स्वतःचं हायपर-व्ही (व्हर्च्युअल मशीन चालवणारी विंडोजची यंत्रणा) आडवं आलेलं आहे. कोअर आयसोलेशनमधलं मेमरी इंटिग्रिटी आणि विंडोजच्या वैकल्पिक सुविधांमधलं हायपर-व्ही बंद करून पाहा. ही सुरक्षेची सोय आहे, म्हणून जे मशीन फक्त या कामासाठी आहे तिथेच ती बंद करावी. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू असायला हवं हे वेगळं सांगायला नको, पण कित्येक बोर्डांवर ते बंद करूनच येतं, म्हणून सांगतो.

आता सिरीयल पोर्ट. इथे थोडं थांबून नीट वाचा, कारण तुमचं सगळं काम याच्यावर आहे. पहिली गोष्ट, नव्या मदरबोर्डच्या मागे नऊ पिनांचा पोर्ट दिसत नसला तरी बोर्डवर कॉम असं लिहिलेला पिनांचा छोटा कनेक्टर असतो का ते पाहा. बऱ्याच बोर्डांवर असतो. त्याला पट्टीची केबल लावली की खरा सिरीयल पोर्ट मिळतो, आणि यासारखं दुसरं काही नाही. मात्र बोर्डावरच्या पिनांची मांडणी दोन प्रकारची असते, म्हणून केबल बोर्डच्या माहितीपुस्तकाशी जुळवूनच घ्या. तो नसेल तर पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसणारं सिरीयल कार्ड. दोन्हीत ड्रायव्हर विंडोज ११ चा लागतो, आतल्या विंडोज ७ ला काही कळायची गरज नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये पोर्ट मोड होस्ट डिव्हाइस ठेवून बाहेरचा कॉम पोर्ट आतल्या कॉम १ ला जोडायचा. आतल्या सॉफ्टवेअरला वाटतं, आपला जुना पोर्ट जागच्या जागी आहे.

यूएसबी-टू-सिरीयल केबल हा सोपा मार्ग, पण त्यात दोन खाचखळगे आहेत. एक म्हणजे वेळ. एफटीडीआय चिपच्या केबलमध्ये आलेले बाइट लगेच पुढे जात नाहीत. चिप ते साठवते आणि बफर भरला किंवा १६ मिलीसेकंद झाले की पाठवते. सेकंदाला ९६०० बिटच्या वेगाने आकडे ओघाने येत असतील तर हे कळतही नाही. पण सॉफ्टवेअर एक छोटा प्रश्न पाठवून उत्तराची वाट बघत असेल, आणि ते उत्तर दहा मिलीसेकंदांत यायला हवं अशी त्याची अपेक्षा असेल, तर टाइमआउट होतो आणि यंत्र जोडलेलं नाही असा संदेश येतो. केबल खराब म्हणून लोक ती परत करतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये लेटन्सी टाइमर असतो, तो १६ वरून १ करा. दुसरा खळगा प्रोलिफिक चिपचा: जुन्या पीएल२३०३ चिप कंपनीने बाद केल्या आहेत आणि विंडोज ११ चा ड्रायव्हर त्यांना नकार देतो. अशी केबल हातात असेल तर ती बाहेर न वापरता यूएसबी पासथ्रूने थेट व्हर्च्युअल मशीनला द्या आणि आत विंडोज ७ च्या काळचा ड्रायव्हर वापरा. जुन्या सिस्टीमचा असाही उपयोग होतो.

सॉफ्टवेअरला पॅरलल पोर्टवर (प्रिंटरच्या जुन्या पोर्टवर) लावायचा डोंगल, म्हणजे परवाना तपासणारं छोटं उपकरण, असेल तर गोष्ट अवघड होते. तुम्ही तसं लिहिलेलं नाही, पण याच प्रकारच्या सॉफ्टवेअरला तो असतो म्हणून सांगून ठेवतो. यूएसबी-टू-पॅरलल केबल फक्त प्रिंटरसाठी असते, डोंगलसाठी तिचा काही उपयोग नाही. पीसीआय एक्सप्रेसचं पॅरलल कार्ड खरा पोर्ट देतं, पण त्याचा पत्ता वेगळा असतो, आणि जुनं सॉफ्टवेअर पत्ता न विचारता थेट ३७८ (हेक्साडेसिमल) या ठरलेल्या पत्त्यावर जाऊन धडकतं. अशा वेळी, आणि यंत्राला कॉम्प्युटरच्या आत बसणारं खास कार्ड लागत असेल तेव्हाही, मी व्हर्च्युअल मशीनचा नाद सोडतो.

मग त्या वेळी काय? ऑपरेटिंग सिस्टीमच्या वयाचं हार्डवेअर घ्यायचं. नव्या मशीनला जुनं विंडोज शिकवण्यापेक्षा जुन्या विंडोजला त्याच्या ओळखीचं मशीन देणं केव्हाही शहाणपणाचं. विंडोज ७ साठी माझी पसंती इंटेलच्या चौथ्या पिढीला, म्हणजे एच८१ किंवा बी८५ चिपसेटच्या बोर्डांना आहे. त्यात यूएसबी २ चा जुना कंट्रोलर आहे, सीएसएम आहे, सगळे ड्रायव्हर अधिकृत मिळतात, आणि कित्येक बोर्डांवर जुना पीसीआय स्लॉट, सिरीयल आणि पॅरललचे कनेक्टरही आहेत. साटा एसएसडी लावली की विंडोज ७ ला ट्रिम (एसएसडीला मोकळी झालेली जागा कळवणारी आज्ञा) कळत असल्यामुळे मशीन आजही चपळ वाटतं. एक्सपी हवं असेल तर तिसऱ्या पिढीच्या पुढे जाऊ नका, कारण इंटेलने प्रोसेसरमधल्या ग्राफिक्ससाठी एक्सपीचे ड्रायव्हर तिथपर्यंतच दिले. आणि बायोसमध्ये साटा मोड आयडीई ठेवा, नाहीतर पुन्हा तोच ७बी. असे बोर्ड घेताना एकाऐवजी दोन घ्या, पॉवर सप्लाय नवा लावा, सीमॉसची बटण बॅटरी बदला आणि कपॅसिटर फुगलेले नाहीत ना ते डोळ्यांनी पाहा.

एक शक्यता मात्र तुम्ही अजून तपासलेली दिसत नाही: हे सॉफ्टवेअर विंडोज ११ वर थेट चालतं का? सॉफ्टवेअर ३२ बिटचं असेल आणि फक्त सिरीयल पोर्टवर बोलत असेल, स्वतःचा वेगळा ड्रायव्हर टाकत नसेल, तर बरीच शक्यता आहे. कधीकधी प्रोग्राम ३२ बिटचा असतो पण त्याचा इन्स्टॉलर १६ बिटचा. ६४ बिटचं विंडोज १६ बिटचं काही चालवत नाही, म्हणून सेटअपच नकार देतो आणि माणूस समजतो सॉफ्टवेअर कालबाह्य झालं. जुन्या डिस्कच्या प्रतीमधून प्रोग्रामचं पूर्ण फोल्डर उचला, नव्या मशीनवर ठेवा, कंपॅटिबिलिटीमध्ये विंडोज ७ निवडून चालवून पाहा. एखादी डीएलएल नाही म्हणून तक्रार आली तर तीही त्याच प्रतीतून मिळते. अर्ध्या तासाचं काम आहे, करून बघा. जमलं तर विंडोज ७ चा प्रश्नच मिटला.

तुम्हाला थेटच टाकायचं असेल, म्हणजे सहाव्या-सातव्या पिढीचा, सीएसएम असलेला बोर्ड तुमच्या हातात आलाच, तर क्रम असा. पेनड्राइव्हचा हट्ट सोडून साटा डीव्हीडी ड्राइव्ह आणि पीएस/२ कीबोर्ड वापरा, आणि डिस्क साटा घ्या; या तीन गोष्टींनी निम्म्या अडचणी उद्भवतच नाहीत. पेनड्राइव्हच वापरायचा असेल तर यूएसबी ३ चे ड्रायव्हर डिझम या विंडोजच्या आदेशाने दोन्हीकडे घालावे लागतात: बूट.विम मध्ये सेटअपसाठी आणि इन्स्टॉल.विम मध्ये बसणाऱ्या विंडोजसाठी. बूट.विम मध्ये दोन प्रतिमा असतात, सेटअप दुसऱ्या क्रमांकाच्या प्रतिमेतून चालतो. पहिलीतच ड्रायव्हर घालून बरेच जण डोकं धरून बसतात. विंडोज बसल्यावर सर्व्हिस पॅक १, मग केबी४४९०६२८ आणि केबी४४७४४१९ हे दोन अपडेट आधी टाका. २०१९ पासूनचे अपडेट आणि अनेक ड्रायव्हर एसएचए-२ पद्धतीने सही केलेले आहेत, आणि या दोघांशिवाय विंडोज ७ ती सही मानत नाही.

लायसन्सचंही बघून ठेवा. जुन्या कॉम्प्युटरबरोबर आलेलं ओईएम विंडोज त्या मशीनपुरतंच असतं. दुकानातून स्वतंत्र विकत घेतलेलं रिटेल दुसऱ्या मशीनवर नेता येतं. व्हर्च्युअल मशीन हे ॲक्टिव्हेशनच्या दृष्टीने नवं मशीनच आहे, त्यामुळे विंडोज पुन्हा ॲक्टिव्हेशन मागेल. कुठली तरी ॲक्टिव्हेटर फाइल डाउनलोड करून चालवू नका. तुमच्या मोजमापाच्या नोंदी ज्या मशीनवर आहेत, तिथे अशा फाइलला जागा नाही.

शेवटी इंटरनेट. विंडोज ७ ला सगळ्यांसाठीचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले, पैसे भरून मिळणारेही जानेवारी २०२३ मध्ये. क्रोम १०९ व्या आवृत्तीनंतर त्यावर येत नाही. अँटिव्हायरस आहे ना, असं अनेकजण म्हणतात. अँटिव्हायरस फाइल तपासतो. विंडोजच्या नेटवर्क सेवेतच भोक असेल तर फाइल उघडायचीही गरज पडत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय पसरला तो असाच, फाइल शेअरिंगच्या जुन्या एसएमबी १ मधून, एका मशीनवरून दुसऱ्यावर, कुणी काही क्लिक न करता. त्याचा पॅच मार्चमध्येच आला होता; ज्यांनी लावला नव्हता त्यांची मशीन गेली, आणि त्यात बहुतांश विंडोज ७ होती. आज सापडणाऱ्या भोकांना तर पॅचच येणार नाही. एक सांगायला हवं: कॉम्प्युटर ऑफिसच्या नेटवर्कवर असला आणि इंटरनेट बंद असलं तरी तो सुरक्षित होत नाही, कारण वॉनाक्रायसारखी गोष्ट शेजारच्या मशीनवरूनच येते.

म्हणून व्हर्च्युअल मशीनच्या सेटिंगमध्ये नेटवर्क ॲडॉप्टर नॉट अटॅच्ड ठेवा. मोजमापाच्या फाइल बाहेर काढायला शेअर्ड फोल्डर वापरा: त्यासाठी आत गेस्ट ॲडिशन्स (व्हर्च्युअलबॉक्सचं पूरक सॉफ्टवेअर) टाकावी लागतात, आणि बाहेरचं एकच फोल्डर, त्यात दुसरं काही न ठेवता, आत दाखवायचं. रिपोर्ट ईमेल करायचा, छापायचा, साठवायचा, ते सगळं बाहेरच्या विंडोज ११ वरून. आतल्या विंडोजने यंत्राशी बोलावं आणि फाइल लिहावी, बस.

सगळं नीट चालू झालं, आकडे जुन्या नोंदींशी जुळले, की व्हर्च्युअल मशीन पूर्ण बंद करा आणि त्याचं अख्खं फोल्डर दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी करा. सोबत व्हर्च्युअलबॉक्सचा तुम्ही वापरलेला इन्स्टॉलर आणि सिरीयल पोर्टची सेटिंग लिहिलेली एक साधी मजकुराची फाइल ठेवा: बॉड रेट, डेटा बिट, पॅरिटी, स्टॉप बिट, कॉमचा क्रमांक. मग ती प्रत दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरवर एकदा उघडून यंत्र जोडून पाहा. तिथे चालली, तर कपाटातल्या मूळ डिस्कची गरज संपली असं समजा. तोवर ती पुसू नका.